घरात मेंदूचा आजार आणि कादंबऱ्या : सांभाळणाऱ्याची बाजू नीट कुणी लिहिली आहे?

कुळागरवाली (फोंडा)

मंडळी, स्मृतिभ्रंश, कंपवात (म्हणजे पार्किन्सन), हंटिंग्टन असल्या आजारांनी घर कसं ढवळून निघतं यावरच्या कादंबऱ्यांसाठी हा धागा काढते आहे. सासऱ्यांना स्मृतिभ्रंश असल्याचं कळलं तेव्हा ज्याने त्याने मला 'स्टिल ॲलिस' वाच म्हणून सांगितलं. वाचली, चांगली आहे. लिसा जेनोव्हा स्वतः मेंदूविज्ञानात डॉक्टरेट केलेली बाई. २००७ मध्ये तिने ती पदरचे पैसे घालून छापली, मग मोठ्या प्रकाशकाने उचलली आणि २०१४ च्या सिनेमासाठी जुलियन मूरला ऑस्कर मिळालं. पण सगळी कादंबरी ॲलिसच्या डोक्यातून चालते. ॲलिस पन्नाशीची, हार्वर्डची प्राध्यापक. मला जिच्याबद्दल वाचायचं होतं ती बाई वेगळीच. ती रात्री गेटला कुलूप घालते, किल्ली कमरेला खोचते आणि सकाळी शेजारणीकडून ऐकून घेते, "म्हाताऱ्याला कोंडून घालता काय गे?"

ही बाई मला सापडली ती जपानी कादंबरीत. सावको आरियोशी, १९७२. इंग्रजी भाषांतराचं नाव 'द ट्वायलाइट इयर्स'. टोकियोतलं मध्यमवर्गीय घर. सासू एकाएकी जाते आणि तेव्हा घरच्यांच्या लक्षात येतं की सासऱ्यांचं बरंच बिनसलं आहे, सासूबाई इतके दिवस झाकून नेत होत्या. म्हातारा पोटच्या मुलाला ओळखत नाही, लेकीला ओळखत नाही. ओळखतो फक्त नातवाला आणि सुनेला. ही तीच सून, जिला त्याने इतकी वर्षं घालूनपाडून बोललेलं आहे. अकिको नोकरी करते. तिचा नवरा दुष्ट नाही, पण बापाकडे बघितलं की त्याला स्वतःचं म्हातारपण दिसतं, म्हणून तो लांब लांब राहतो. (आमच्याकडे बाबांना बाथरूमला न्यायची वेळ झाली की ह्यांना नेमकी सोसायटीची मीटिंग आठवते.) जपानमध्ये त्या काळी दहा लाखांवर प्रती खपल्या आणि म्हाताऱ्यांना सांभाळायचं कुणी यावर देशभर चर्चा झाली. एवढं होऊनही आरियोशी अकिकोला देवी करत नाही. अकिको वैतागते, हिशेब घालते, म्हातारा आता संपावा असंही तिच्या मनात येऊन जातं.

अशा आणखी कादंबऱ्या कुणाला माहीत आहेत का? सांभाळणारी बाई किंवा बुवा मध्यभागी हवा. आणि कृपा करून 'प्रेमाने सगळं जिंकता येतं' छाप नकोत.

उगीच_वाद

ताई, धागा उत्तम, पण ॲलिसवर अन्याय करू नका. रुग्णाच्या डोक्यात बसूनही सांभाळणाऱ्याची गोष्ट सांगता येते. एमा हीलीची 'एलिझाबेथ इज मिसिंग' (२०१४) बघा. मॉड नावाची म्हातारी खिशात चिठ्ठ्या भरून हिंडते, तिची मैत्रीण हरवली आहे असं तिने घेतलेलं असतं आणि सगळं निवेदन तिचंच. मॉडला वाटतं, मुलगी हेलन उगाच चिडते. तोच प्रश्न हेलनने किती वेळा ऐकला आहे हे मॉडला ठाऊक नाही, आपल्याला आहे. लेखिका हेलनची बाजू मांडत बसत नाही, तरी ती बाई किती दमली आहे ते कळतं.

कुळागरवाली (फोंडा)

मान्य. पण हेलन मुलगी आहे. मुलगी चिडली तर गाव म्हणतं, बिचारी दमली. सुनेने चिडून बघावं.

आरोग्यसेविका_बार्देश

कुळागरवालीबाय, तुमच्या शेजारणीचं ते वाक्य मी घरोघरी ऐकते. त्यावर अभ्यासही झालेला आहे आणि तो आपल्या गोव्यातलाच. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांचं वर्णन लोकांना सांगितलं तर ते ओळखत होते, अशी माणसं पाहिलेली होती. पण हा आजार आहे, डॉक्टरकडे न्यायला हवं, असं कुणाला वाटत नव्हतं. वय झालं की व्हायचंच, किंवा मुलाबाळांनी हेळसांड केली, माया केली नाही म्हणून झालं, असा समज. म्हणजे मेंदूतल्या पेशी मरतात आणि त्याचं खापर फुटतं घरातल्या माणसांवर, त्यातही सुनेवर जास्त.

पुढे २००८ मध्ये इथल्याच दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांबरोबर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या सहा महिने घरी जायच्या. आजार समजावून सांगायचा, रात्री जागणाऱ्या किंवा अंगावर धावून येणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते सांगायचं, गरज पडली तर डॉक्टरशी गाठ घालून द्यायची. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने खरोखर कमी झाला. आजार काही हटला नाही, तो हटणारा नव्हताच. कादंबऱ्यांत मी हेच शोधते, कुणीतरी दार वाजवून आत येतं आणि सांभाळणाऱ्याला "तुम्ही कशा आहात?" म्हणून विचारतं. फार क्वचित सापडतं.

खापर फोडण्याच्या बाबतीत जेनोव्हाचीच दुसरी कादंबरी सुचवते, 'इनसाइड द ओब्रायन्स' (२०१५). बॉस्टनचा पोलीस जो ओब्रायन, त्याला हंटिंग्टन निघतो. हात-पाय आपोआप हलतात, तोल जातो, स्वभाव तापट होतो, बुद्धी मंदावते. त्याची आई दारू पिऊन पिऊन गेली असंच सगळे धरून चाललेले असतात. निदान झाल्यावर कळतं की तिलाही हाच आजार होता. ज्या बाईला गावाने बेवडी ठरवलं ती आजारी होती! ते वाचून माझ्या डोळ्यांसमोर दोन-तीन घरं आली.

याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. आई किंवा बाप, एकाला जरी असला तरी प्रत्येक मुलाला तो यायची शक्यता निम्मी. जोची चार मुलं, चौघांपुढे प्रश्न एकच, रक्त तपासून घ्यायचं की नाही? उपाय तर नाही. मग विशी-पंचविशीत जाणून घेऊन करायचं काय? कादंबरी या एका गोष्टीवर खूप वेळ थांबते आणि ते मला आवडलं.

उगीच_वाद

आपल्याकडे असलं निदान निघालं तर तपासणी राहील बाजूला, आधी मुलींच्या सोयरिकी मोडतील. ती कादंबरी कुणी लिहिली नाही अजून.

रायबंदरचा

नवरे मंडळींच्या वतीने बोलायला आलो आहे, मारू नका.

आमच्या बाबांना पार्किन्सन. घरात सांभाळणारी मुख्य आई, पण मीही आहे. कुळागरवालींच्या अटीत बसणारी माझी कादंबरी म्हणजे जोनाथन फ्रँझनची 'द करेक्शन्स' (२००१, त्या वर्षीचं नॅशनल बुक अवॉर्ड). बाप आल्फ्रेड, रेल्वेतला निवृत्त इंजिनिअर, हट्टी, तळघरात आपल्या निळ्या खुर्चीत बसून राहणारा. हात थरथरतात, पण मदत घेणं त्याला मंजूर नाही. आई एनिडचं एकच पालुपद, तिन्ही मुलांनी शेवटचा एक ख्रिसमस आपल्या घरी करावा. त्या ख्रिसमसच्या जागी चवथ (गणेशचतुर्थी) घाला, पुढचं सगळं आमच्या घरात घडतं. आईचा हट्ट असतो की सगळ्यांनी यायचंच आणि माटोळी (गणपतीच्या वर छताला टांगायची फळा-पानांची चौकट) बाबांनीच बांधायची. बाबांच्या बोटांना गाठ मारता येत नाही हे तिला दिसतं, पण ते बोलायचं नाही. मग बाबा शिडीवर, भाऊ शिडी धरून, आणि आम्ही सगळे छताकडे न बघता गप्पा मारतो.

एनिड नवऱ्याचा आजार मान्यच करत नाही. त्याने जरा व्यायाम केला, मन लावलं तर सुधारेल, असं तिचं चालू. पहिल्यांदा वाचताना मला तिचा राग आला होता. आता वाटतं, तीस-चाळीस वर्षं ज्याच्या मनाविरुद्ध एक खुर्ची हलवता आली नाही तो माणूस असा परस्वाधीन झालेला मान्य करायचा म्हणजे तिचा स्वतःचा संसारच उलटा वाचायचा. फ्रँझनच्या वडिलांना अल्झायमर होता, त्यावरचा त्याचा लेखही प्रसिद्ध आहे. त्यामुळे हे ऐकीव नाही.

आणि विनोद! आल्फ्रेडला बोटीवर रात्री जे दिसतं ते इथे लिहिण्यासारखं नाही, भयंकर किळसवाणं आणि भयंकर हसवणारं आहे. पार्किन्सनमध्ये नसलेलं दिसणं, भास होणं हे आजाराने होतं आणि औषधांनीही. आमच्याकडे अंगणात मांजरं येतात, आम्हाला न दिसणारी. बाबा त्यांना हाकलतात. आईने हल्ली "गेली हो सगळी" म्हणायला सुरुवात केली आहे.

आरोग्यसेविका_बार्देश

रायबंदरचा, आईचं बरोबर आहे, वाद घालू नये. पण भास वाढत असतील तर न्यूरॉलॉजिस्टना जरूर सांगा, औषधाचं प्रमाण बघावं लागतं. आणि गोळी जेवणाबरोबर देत नाही ना?

रायबंदरचा

नाही. तो आमच्या घरातला रोजचा तंटा. लेव्होडोपा (पार्किन्सनचं मुख्य औषध) आणि जेवणातलं प्रोटीन आतड्यातून आत शिरायला एकच वाट अडवतात, म्हणून गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी. बाबांचं म्हणणं, ताटात बांगडा आला की गोळीने थांबावं, बांगड्याने नव्हे. या गोष्टी कादंबरीत का येत नाहीत? खरं पार्किन्सन घड्याळावर चालतं. गोळी चढली की माणूस चालतो, बोलतो, चेष्टा करतो, उतरली की दाराच्या उंबऱ्यावर पाय चिकटल्यासारखा उभा. पाहुणे नेमके चढत्या वेळी येतात आणि म्हणतात, "अरे, हे तर बरे आहेत की!"

कुळागरवाली (फोंडा)

"बरे आहेत की" हे वाक्य आमच्याकडेही चवथीला येऊन जातं. मुंबईची नणंद.

सत्तरीचो_वाचपी

सगळ्या इंग्रजी नि जपानी. मराठीत कायच ना? आमच्या गावच्या वाचनालयात मला हवं ते मराठीतच मिळतं.

उगीच_वाद

मराठीत अनुभवकथनं आहेत, कादंबरी शोधावी लागते. मला विचाराल तर या विषयावरचं मराठीतलं सगळ्यात ऐवजदार काम पडद्यावर झालं आहे, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु'. मोहन आगाशे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, गाडीतून उतरतात आणि हत्तीच्या मागे चालू लागतात. मुलगी शोधत फिरते आणि तिकडे माहुताची बायको त्यांना जेवू घालते. अमृता सुभाषला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संवादांसाठी सुमित्राबाईंनाही. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, ते कामात दिसतं.

कुळागरवाली (फोंडा)

'अस्तु' पाहिला आहे, दोनदा. एकच तक्रार. माहुताच्या बायकोला म्हातारा एका दिवसापुरता मिळतो. एक दिवस मीही देवमाणूस होऊ शकते. इरावती हर्षेची मुलगी मला जास्त खरी वाटली. वडिलांवर जीव आहे, घरात मुली आहेत आणि बापाला आपल्या घरी आणायचं की नाही याचा निर्णय तिच्याने होत नाही.

गोंयकार_पुण्यांत

अवनी दोशीची 'बर्न्ट शुगर' कुणी घेतलीच नाही? भारतात ती २०१९ मध्ये 'गर्ल इन व्हाइट कॉटन' या नावाने आली, २०२० मध्ये बुकरच्या अंतिम यादीत होती. घडते पुण्यात. आई तारा विसरत चालली आहे, सांभाळायचं अंताराला. पण या आईने संसार टाकून लेकीला आश्रमात नेलं आणि तिथे तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. म्हणजे जिने तुला सांभाळलंच नाही तिला तू का सांभाळायचं? त्यातून आई आता सगळं विसरणार, म्हणजे जाब विचारायलाही कुणी उरणार नाही. अंतारा आईशी जे वागते ते वाचून अंगावर काटा येतो. कुळागरवालींची 'प्रेमाने जिंकता येतं' वाली भीती इथे अजिबात नाही, खात्री बाळगा.

म्हापसेकरीण

मग गोंयकार म्हणवणाऱ्यांनी जेरी पिंटोंची 'एम अँड द बिग हूम' पण घ्यायला हवी. माहीमच्या छोट्या फ्लॅटमध्ये गोव्याकडचं ख्रिस्ती कुटुंब, आईला मॅनिक डिप्रेशन, दोन मुलं, आणि वडील, म्हणजे 'बिग हूम', जे सगळं पेलतात. २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार. शांता गोखल्यांनी मराठीत आणली आहे, तेव्हा सत्तरीच्या वाचपीबाबना इंग्रजीची अडचण नको.

उगीच_वाद

उत्तम पुस्तक, पण धागा मेंदूच्या आजारांचा आहे. तो मनाचा आजार.

म्हापसेकरीण

हा फरक ओपीडीच्या पाटीवर ठीक आहे. रात्री तीन वाजता आईच्या खोलीतून आवाज आला की उठणाऱ्या मुलाला त्याचं काय? आणि ताईंनी विचारलं होतं सांभाळणाऱ्याबद्दल. 'बिग हूम' हा मला माहीत असलेला एकमेव नवरा, जो मीटिंगला पळत नाही.

कुळागरवाली (फोंडा)

म्हापसेकरीणबाय, पुस्तक घेतलं. ह्यांच्या उशाशी ठेवणार.

मडगावची_मावशी

आमच्या थोरल्या आत्या पोर्तुगीज काळात शिकलेल्या. गेली काही वर्षं त्या आकडे पोर्तुगीजमध्ये मोजतात, कधी अख्खी वाक्यं त्याच भाषेत. दिवसा त्यांच्याजवळ असणारी मुलगी बेळगावकडची, तिला कोकणीसुद्धा जेमतेम. घरात पोर्तुगीज येणारं आता कुणी नाही. त्या काहीतरी मागतात, आम्ही पाणी, शाल, जपमाळ एकेक पुढे करत राहतो. नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, लहानपणीची मागे राहते, असं काही जणांत होतं असं डॉक्टर म्हणाले. १९६१ च्या आधी शाळेत गेलेल्यांची पिढी आता याच वयात आहे, म्हणजे हे गोव्यात अनेक घरांत चाललं असणार. कादंबरी मात्र माझ्या वाचनात नाही.

मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये निद्रानाशाची साथ येते आणि गाव सगळं विसरू लागतं, तेव्हा ते वस्तूंवर नावं लिहून चिकटवतात. गाईच्या गळ्यातसुद्धा पाटी, ही गाय आहे, हिची रोज सकाळी धार काढावी. आम्हीही डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. काही काळ उपयोग झाला. मग आत्या चिठ्ठी मोठ्याने वाचायच्या आणि डब्यात काय आहे म्हणून विचारायच्या. ते मार्केझने लिहून ठेवलंच आहे, अक्षरं कळेनाशी झाली की पाट्यांचं काय? ही कादंबरी १९६७ ची, आणि म्हातारपणी खुद्द त्यांची स्मृती गेली. मुलगा रोद्रिगो गार्सियाने आई-वडिलांच्या अखेरच्या दिवसांवर पुस्तक लिहिलं आहे. छोटंसं आहे, मला मोठ्या कादंबऱ्यांपेक्षा त्यातलं घर जास्त ओळखीचं वाटलं.

सत्तरीचो_वाचपी

मावशी, हेंच बरय (लिही) गो तूं. मराठीत.

उगीच_वाद

तेच म्हणतो. सुनेची कादंबरी मराठीत का नाही याचं कारण मला तरी दिसतं. ती लिहील, पण सासरचे वाचतील. जपानी बाईला टोकियोएवढं शहर होतं लपायला. इथे फोंड्याच्या बाजारात 'पुस्तकातले सासरे म्हणजे तेच ना गे?' असं दुसऱ्याच दिवशी.

कुळागरवाली (फोंडा)

म्हणून तर इथे कुळागरवाली नावाने लिहिते आहे.

नवीन_सभासद

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय. आईला अल्झायमर असल्याचं आत्ताच कळलं. वय ५८. शिक्षिका होती. तुम्ही सांगितलेल्यांपैकी मी आधी काय वाचू?

आरोग्यसेविका_बार्देश

आत्ता काहीच वाचू नका, असं मी म्हणेन. आधी आईशी बोला. तिला अजून सगळं सांगता येतंय, तिला काय हवं, काय नको, बँकेचे व्यवहार कुणी बघायचे, सह्या कुठे आहेत, हे आता विचारून घ्या. पुढे विचारता येणार नाही.

कुळागरवाली (फोंडा)

आणि मॅथ्यू थॉमसची 'वी आर नॉट अवरसेल्व्ज' तर आत्ता मुळीच घेऊ नका. ती मी मुद्दाम वर लिहिली नव्हती. सहाशेवर पानं, नवरा एड प्राध्यापक, पन्नाशीतच अल्झायमर, बायको आयलीन नर्स, मुलगा कॉनेल शिकत असलेला. लेखकाच्या स्वतःच्या वडिलांना हे झालं होतं. त्यातला एड मुलांचे मार्क लावायला बसतो आणि ती बेरीज त्याला जमत नाही, रात्र रात्र बसतो. तुमची आई शिक्षिका म्हणालात म्हणून सांगते, ते प्रकरण तुमच्याने आत्ता वाचवणार नाही. पुढे कधीतरी वाचा. माझ्या मते आयलीन ही अकिकोच्या खालोखाल. तिला मोठ्या घराची हाव आहे, ती घाईत चुका करते, आणि कादंबरी तिला माफी मागायला लावत नाही.

नवीन_सभासद

आभारी आहे. आई वाचन करते अजून. तिनेच विचारलं होतं, असं कुणाला झालेलं पुस्तक आहे का म्हणून. मी माझ्यासाठी नव्हतो विचारत.

उगीच_वाद

मग 'स्टिल ॲलिस'. तिच्या हातात ती द्या. पण शेवट आधी तुम्ही वाचून घ्या. ॲलिसने स्वतःसाठी कॉम्प्युटरमध्ये एक पत्र लिहून ठेवलेलं असतं, ते काय आहे हे कळल्यावर तुम्हीच ठरवा.

कुळागरवाली (फोंडा)

हो, आईंसाठी ॲलिसच. माझी प्रत आहे, बसने पणजीपर्यंत पाठवू शकते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आरोग्यसेविका_बार्देश

त्यांच्याबरोबर बसून वाचा, एकटीला देऊ नका. आणि बाबा किंवा भावंडं असतील तर त्यांनाही बसवा.